फार्मसीच्या सेवा लोकांपर्यंत पोचवायच्यात पण बजेट नाही? मग सुरुवात काउंटरवरून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की स्वतःची छोटी फार्मसी आहे, औषधं देण्यापलीकडे बीपी तपासणं, इनहेलर शिकवणं, सगळ्या गोळ्या एकत्र बघून देणं, घरपोच औषधं अशा चार सेवा सुरू केल्यात, दारात बॅनर लावलाय, फेसबुकवर पोस्टही टाकल्या, तरी कोणी विचारत नाही, आणि आता जे थोडेफार पैसे उरलेत ते फेसबुकच्या जाहिरातीत घालू की पत्रकं छापू.

मी कम्युनिटी फार्मसीत, म्हणजे वस्तीतल्या औषधाच्या दुकानांत, बरीच वर्षं काढलीत, अशा सेवा उभ्या केल्यात, दुसऱ्यांनाही करायला मदत केलीय, त्यामुळे सरळच सांगते, सध्या यातलं काहीच करू नका. कारण ज्यांना तुमच्या सेवेची गरज आहे ती माणसं आधीच तुमच्याकडे येतायत. दर महिन्याला येतात, चिठ्ठी पुढे करतात, पिशवी घेतात आणि जातात. नवीन गिऱ्हाईक शोधायला पैसे लागतात, समोर उभ्या असलेल्या माणसाला एक प्रश्न विचारायला काही लागत नाही. आणि खरं सांगायचं तर बॅनर वाचून कोणी इनहेलर शिकायला येत नाही, कारण त्याला वाटत असतं की आपल्याला तो नीट घेता येतोच. अडचण आहे हेच ज्याला माहीत नाही तो त्या अडचणीवरची सेवा शोधत येणार कसा? म्हणून आपल्या धंद्यात सेवेची जाहिरात आणि सेवेचं पहिलं मिनिट या दोन गोष्टी वेगळ्या नसतातच.

इनहेलरचंच घ्या. आपण काउंटरवर काय विचारतो, "इनहेलर वापरता येतो ना?" यावर शंभरातले नव्याण्णव जण हो म्हणणार, विषय संपला. त्याऐवजी म्हणायचं, "काका, इनहेलर कसा घेता ते एकदा दाखवता का मला, दोन मिनिटं लागतील." एवढाच बदल. एक काका आठवतात, कित्येक महिने एकच पंप, म्हणजे फवाऱ्याचा इनहेलर, नेत होते, दम काही कमी होत नव्हता, आणि डॉक्टरांनी डोस वाढवलेली नवी चिठ्ठी घेऊन आले होते. दाखवा म्हटलं तर त्यांनी पंप न हलवता तोंडाजवळ धरला, दाबला, फवारा जिभेवर गेला आणि मग श्वास घेतला, तोही झटक्यात. म्हणजे औषध घशात आणि तोंडात, फुफ्फुसात जवळपास नाहीच. मग त्यांना शिकवलं, आधी हलवायचा, श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, सावकाश आत ओढायला लागायचं आणि तेव्हाच दाबायचं, ओढत राहायचं, मग साधारण १० सेकंद श्वास रोखायचा, आणि स्टिरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरून थुंकायची. तरी हाताचा आणि श्वासाचा मेळ बसेना म्हणून स्पेसर, म्हणजे पंपाला पुढे जोडायची नळी, सुचवला आणि डॉक्टरांना तसं कळवलं. पुढच्या महिन्यात ते आले तेव्हा सोबत त्यांच्या ओळखीच्या एक बाई होत्या, त्यांच्याकडे पावडरचा इनहेलर होता, आणि तो त्या पंपासारखा सावकाश ओढत होत्या, जो खरं तर जोरात आणि खोल ओढायचा असतो. त्या बाई कुठल्या पोस्टमुळे आल्या नव्हत्या, काकांनी आणल्या होत्या.

आता नीट कसं करायचं ते बघू. सगळ्यात आधी चार सेवांपैकी एकच निवडा. हे ऐकायला बरं वाटत नाही मला माहितेय, सगळ्याच सेवा चांगल्या आहेत, पण चार गोष्टी एकदम सांगितल्या की समोरच्याच्या एकही लक्षात राहत नाही आणि तुमच्या स्टाफच्याही राहत नाही. कुठली निवडायची हे तुमच्याच बिलांवरून ठरवा. मागच्या तीन महिन्यांची बिलं काढा आणि बघा की इनहेलर किती जण नेतात, इन्सुलिन किती जण नेतात, पाच-सहापेक्षा जास्त औषधं रोज घेणारे किती आहेत, बीपीच्या गोळ्या नेणारे किती. जिथे माणसं जास्त आणि तुमचा हात बसलेला, ती सेवा पहिली. बाकीच्या बंद करायची गरज नाही, कोणी मागितल्या तर द्यायच्याच, फक्त तीन महिने बोलायचं एकाच सेवेबद्दल.

दुसरं, ती सेवा खरोखर नीट होतेय का हे आधी बघा, कारण कमी पैशातला प्रचार म्हणजे शेवटी एकाने दुसऱ्याला सांगणं, आणि सांगण्यासारखं काही झालंच नाही तर कोण काय सांगणार. बीपी तपासणी घ्या. बऱ्याच ठिकाणी काय चालतं, माणूस उन्हातून चालत आला, काउंटरशी उभा, शर्टाच्या बाहीवरूनच कफ, म्हणजे मशीनचा पट्टा, गुंडाळला, बोलता बोलता मोजलं, कागदावर आकडा लिहून दिला. तो आकडा कशाच्याच कामाचा नाही. नीट मोजायचं तर माणसाने ५ मिनिटं शांत बसायला हवं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर टेकवून दंड छातीच्या पातळीला, कफ उघड्या दंडावर, मोजताना दोघांनीही बोलायचं नाही, आणि आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नको, लघवी तुंबलेली नको. मग एखाद मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. आणि कफ दंडाच्या मापाचा हवा, जाड दंडाला लहान कफ लावला तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. असं मोजून घेतलेला माणूस घरी जाऊन सांगतो की त्या मेडिकलमध्ये मला पाच मिनिटं बसवून ठेवलं, दोन वेळा मोजलं आणि माझ्यासाठी मोठा कफ वेगळा काढला, आजवर कोणी असं केलं नव्हतं. हे वाक्य तुम्हाला विकत मिळत नाही.

म्हणून ते जे थोडे पैसे आहेत ना, त्यातले पहिले पैसे इथे घाला: तपासून प्रमाणित झालेलं बीपीचं मशीन, दोन-तीन मापांचे कफ, पाठीला टेकू असलेली एक खुर्ची, आणि काउंटरपासून जरा बाजूला एक पडदा किंवा आडोसा. आडोशाला फार महत्त्व आहे, लोक रांगेतल्या शेजाऱ्यासमोर आपल्या गोळ्यांबद्दल बोलत नाहीत, लघवीच्या तक्रारीबद्दल तर नाहीच नाही. सरावाचे रिकामे इनहेलर औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींकडे मागून बघा, बहुतेक वेळा मिळतात. फक्त एकच तोंडाचा भाग दोघांना देऊ नका.

तिसरी गोष्ट काउंटरवरचं वाक्य, आणि यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवीन. "आमच्याकडे औषध समुपदेशन सेवा उपलब्ध आहे" असं म्हटलं की माणूस "बरं बरं" म्हणून निघून जातो. त्याला त्याची अडचण त्याच्या शब्दात ऐकू आली पाहिजे. सगळ्या गोळ्या एकत्र बघायच्या सेवेसाठी मी म्हणते, "काकू, दोन-तीन डॉक्टरांच्या गोळ्या आहेत ना तुमच्या, पुढच्या वेळी घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा, दुखण्याच्या, ताकदीच्या, कोणी सुचवलेल्या, सगळ्या, आपण बसून बघू कुठली कशासाठी आहे ते." यात कुठेही सेवा हा शब्द नाही, पण काय करायचं, कधी करायचं आणि काय मिळणार हे सगळं आहे. आणि "कधीही या" म्हणू नका, कधीही म्हणजे कधीच नाही. "मंगळवारी दुपारी तीन वाजता गर्दी नसते, तेव्हा याल?" म्हणा आणि समोर वहीत नाव लिहा. नाव लिहिलं की येणाऱ्यांची संख्या बदलते.

त्या पिशवीतून काय काय निघतं हे ज्यांनी केलंय त्यांना माहितेय. एकच औषध दोन वेगळ्या ब्रँडच्या नावाने, दोन डॉक्टरांकडून, आणि माणूस दोन्ही घेतोय. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळीत पॅरासिटामॉल, तापाची वेगळी, आणि बेरीज केली तर मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ४ ग्रॅमच्या मर्यादेजवळ गेलेली. बीपीची एसीई इनहिबिटर किंवा सार्टन गटातली गोळी, सोबत लघवी जास्त व्हायची गोळी, आणि गुडघ्यासाठी स्वतःच आणलेली रोजची पेनकिलर, तिन्ही मिळून किडनीवर ताण येतो हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. थायरॉइडची गोळी कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकाच घोटात, जिथे मध्ये ४ तासांचं अंतर हवं. यातलं कुठलंही औषध आपण स्वतः बंद करायचं नाही किंवा डोस बदलायचा नाही, लिहून डॉक्टरांना कळवायचं आणि तातडीचं वाटलं तर तिथूनच फोन लावायचा. पण त्या माणसाच्या दृष्टीने बघा, त्याच्यासाठी कोणीतरी अर्धा तास बसलं. तो परत दुसऱ्या दुकानात जात नाही.

काउंटरवरचं हे वाक्य सगळ्यांना सरसकट म्हणायचं नाही, थकून जाल आणि लोकही कंटाळतील. कोणाला म्हणायचं ते आधीच ठरवून ठेवा. मी तीन खुणा धरते. एक, चिठ्ठीवर आधी कधी न घेतलेलं औषध आलंय. दोन, महिन्याची औषधं न्यायला माणूस बराच उशिरा आलाय, म्हणजे मधे गोळ्या राहिल्यात. तीन, कायमच्या औषधांसोबत पेनकिलर किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी वारंवार नेतोय. आणि गर्दीत आठवणीवर अवलंबून राहू नका, इनहेलरच्या आणि इन्सुलिनच्या कप्प्याला आतल्या बाजूने, पेशंटला दिसणार नाही असा रंगीत स्टिकर लावा, औषध काढायला हात गेला की स्टाफला आठवतं की इथे प्रश्न विचारायचाय. फुकटातला सगळ्यात उपयोगी उपाय आहे हा, मनापासून सांगते.

नवीन औषधाची खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात म्हटलं होतं की विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजारांची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्यांचं प्रमाण सरासरी ५० टक्केच असतं. आणि सोडणारे बरेचसे सुरुवातीच्या दिवसांतच सोडतात, गुपचूप. बीपीच्या नव्या गोळीने कोरडा खोकला आला, डायबेटिसच्या मेटफॉर्मिन गोळीने पोट बिघडलं, चक्कर आली, की माणूस कोणाला न सांगता गोळी बाजूला ठेवतो. इंग्लंडमध्ये २०११ पासून यासाठी एक सेवाच आहे, नवीन औषध सुरू झालं की फार्मासिस्ट आठवडा-दोन आठवड्यांनी विचारपूस करतो आणि नंतर पुन्हा एकदा करतो, आणि तिचा अभ्यास झाला तेव्हा १० आठवड्यांनंतर औषध नीट घेणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीपेक्षा शंभरात साधारण १० जणांनी जास्त निघालं. त्यांना त्याचे सरकारकडून पैसे मिळतात, तुम्हाला मिळणार नाहीत कदाचित, पण फोन करायला काय लागतं? औषध देतानाच विचारायचं, "आठवड्याने फोन करू का, कसं वाटतंय बघायला?" हो म्हणाले तरच नंबर लिहायचा. आणि फोनवर "गोळ्या वेळेवर घेताय ना?" विचारू नका, पुन्हा तेच, हो म्हणतील. "सुरुवातीला बऱ्याच जणांच्या एखाद-दोन गोळ्या राहतात, तुमच्या या आठवड्यात किती राहिल्या?" असं विचारलं की माणूस मोकळा होतो. खोकला असेल तर गोल गोल काहीतरी सांगत नाही, जे आहे ते सांगतो. औषधाच्या दुकानातून काही न विकता फोन येतो ही गोष्ट लोक चार जणांना सांगतात.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. सेवा देताना काही विकू नका. बीपी मोजलं, जरा जास्त निघालं, आणि लगेच टॉनिक किंवा कसली पावडर पुढे केली, की झालं, ती तपासणी म्हणजे विकायचा बहाणा होता असंच त्याला वाटणार, आणि ते चूक नाही. जास्त निघालं तर कागदावर दोन्ही आकडे, तारीख, वेळ लिहून द्या, परत कधी मोजायचं ते सांगा आणि डॉक्टरांकडे पाठवा. १८० वर १२० च्या पलीकडे असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप, हातापायात अशक्तपणा, बोलताना अडखळणं असं काही असेल तर लगेच इमर्जन्सीत, त्यात वाट बघायची नाही. हे तुमच्या स्टाफमधल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे, सेवेचा बोर्ड लावायच्या आधी.

डॉक्टरांबद्दल. आसपासच्या डॉक्टरांना भेटायला जाताना माहितीपत्रक नेऊ नका, त्यांच्या टेबलावर अशा पत्रकांचा ढीग असतो. त्यांच्याच एखाद्या पेशंटची, पेशंटला विचारून, चार ओळींची चिठ्ठी पाठवा: अमुक तारखांना अमुक बीपी, उजवा दंड, बसून, दोन रीडिंगची सरासरी, गोळ्या आठवड्यातून दोनदा राहतात असं पेशंट म्हणतात, आपल्या माहितीसाठी. सल्ला द्यायचा नाही, निदान करायचं नाही, "डोस वाढवावा असं वाटतं" असलं काही नाही. अशा पाच-सहा चिठ्ठ्या गेल्या की डॉक्टर स्वतःहून सांगायला लागतात, तिथे जाऊन इनहेलर शिकून घ्या. पेशंट पाठवल्याबद्दल काही द्यायचं-घ्यायचं अजिबात नाही, ते चुकीचंच आहे आणि बहुतेक ठिकाणी कायद्यानेही बसत नाही.

आता छापील गोष्टी. पत्रकं वाटायला माणूस लागतो आणि ती रस्त्यावरच पडतात, त्यापेक्षा तुमची औषधाची पिशवी बघा, ती रोज घराघरात जाते आणि घरी गेल्यावर उघडली जाते. तिच्यावर साधा स्टिकर किंवा शिक्का, एकच ओळ, मोठ्या अक्षरात, दर दोन महिन्यांनी बदलायची. "इनहेलर घेऊनही दम लागतो? घेऊन या, एकदा दाखवा." एवढंच, खाली वेळ आणि फोन. दारातला तुमचा बॅनर उतरवा, त्याच्यावर सात-आठ ओळी असणार, कोणी वाचत नाही. त्याच्या जागी एका प्रश्नाची पाटी लावा, आणि ती लोक जिथे थांबतात तिथे, म्हणजे बिल होईपर्यंत नजर जिथे जाते तिथे. वयस्कर माणसाला चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजे, एवढी अक्षरं मोठी हवीत.

ऑनलाइनचं सगळंच टाकाऊ आहे असं नाही म्हणत मी. गूगल मॅपवरची तुमची नोंद फुकट आहे आणि ती नीट भरा, वेळा, सुट्टीच्या दिवशीच्या वेळा, फोन, आतले फोटो, आडोशाचा आणि खुर्चीचा फोटो, आणि सेवा. रात्री लहान मुलाला ताप आला की माणूस तिथेच शोधतो आणि तिथली वेळ चुकीची असेल तर तो बंद शटर बघून परत जातो आणि पुन्हा येत नाही. रिव्ह्यू मागा, पण त्याबदल्यात सूट वगैरे देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. आणि रिव्ह्यूला उत्तर देताना फार जपून, कोणी "माझ्या शुगरच्या औषधासाठी छान मदत केली" लिहिलं तरी तुम्ही आजाराचं, औषधाचं नाव घ्यायचं नाही, "आभारी आहोत, काही लागलं तर फोन करा" इतकंच. वाईट रिव्ह्यू आला तर मग अजिबातच नाही, चिडून "तुम्ही त्या दिवशी अमुक गोळी मागितली होती" असं लिहिलेलं मी वाचलंय, ते लिहिणाऱ्या दुकानावर कोण विश्वास ठेवेल.

व्हॉट्सअपवर ग्रुप काढू नका, हात जोडून सांगते. "शुगर पेशंट" नावाचा ग्रुप काढला की प्रत्येकाचा नंबर आणि आजार बाकी सगळ्यांना कळला. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, तिच्यातून एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणून काउंटरवरच "आमचा नंबर सेव्ह करून ठेवा, औषध आहे की नाही ते आधी विचारता येईल" असं सांगा. महिन्याला एक-दोन मेसेज बस. रोज सुप्रभातचे फोटो पाठवले तर लोक म्यूट करतात आणि मग कामाचा मेसेजही वाचला जात नाही. मेसेजमध्ये एकच कामाची गोष्ट, उदाहरणार्थ उघडलेलं इन्सुलिन पेन बाहेर ठेवलं तर बहुतेक प्रकारांत साधारण २८ दिवसच चालतं, पेनवर उघडल्याची तारीख लिहा, नक्की दिवस आमच्याकडे विचारून घ्या. किंवा डोळ्यात दोन वेगळे ड्रॉप्स घालायचे असतील तर मध्ये निदान ५ मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला वाहून नेतो. असे मेसेज लोक घरातल्यांना पुढे पाठवतात, आणि खाली तुमच्या फार्मसीचं नाव असतंच.

फेसबुकच्या जाहिरातीचं म्हणाल तर तिथे "तुम्हाला डायबेटिस आहे का?" असं लिहिलेली जाहिरात नाकारली जाऊ शकते, कारण माणसाच्या आजाराकडे बोट दाखवणारी भाषा त्यांच्या नियमात चालत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची सामान्य लोकांसाठी जाहिरात करायला जगात जवळपास सगळीकडे बंदी आहे, अमेरिका आणि न्यूझीलंड हे ठळक अपवाद. त्यामुळे औषधाचं नाव कुठेच नको, सेवेबद्दलच बोला, आणि तुमच्याकडच्या फार्मसी कौन्सिलचे जाहिरातीचे नियम एकदा वाचून घ्या, काही ठिकाणी ते बरेच कडक असतात.

दिवस साजरे करायचे तर वर्षातून तीन-चारच, आणि तुमच्या निवडलेल्या सेवेशी जुळणारे. १७ मे उच्च रक्तदाबाचा, मे महिन्यातला पहिला मंगळवार दम्याचा, १४ नोव्हेंबर डायबेटिसचा, २५ सप्टेंबर आपला, फार्मासिस्टचा. त्या दिवशी दुकानात फुगे लावण्यापेक्षा ज्येष्ठांच्या एखाद्या मंडळात किंवा वाचनालयात वीस मिनिटं जाऊन बोला, घरातल्या औषधांच्या डब्यावर, काय ठेवायचं, काय टाकायचं, कुठे ठेवायचं. लोकांना येताना स्वतःची औषधं आणायला सांगा. भाषणापेक्षा नंतरच्या प्रश्नांतून तुमचे पुढच्या महिन्याचे पेशंट ठरतात.

आणखी एक वाट जी छोट्या फार्मसीवाले सहसा बघत नाहीत. अमेरिकेत अ‍ॅशव्हिल नावाच्या शहरात १९९६ मध्ये नगरपालिकेने डायबेटिस असलेल्या आपल्या कर्मचाऱ्यांना गावातल्या साध्या फार्मासिस्टांशी जोडून दिलं, नियमित भेटायचं, बदल्यात डायबेटिसच्या औषधांतला कर्मचाऱ्याचा वाटा माफ. शुगर सुधारली, औषधांवरचा खर्च वाढला पण आजारपणाचा एकूण खर्च कमी झाला. यातून घ्यायचं ते असं, की पैसे देणारा दरवेळी पेशंटच असतो असं नाही. जवळपास एखादी शाळा, कारखाना, ऑफिस असेल तर तिथल्या व्यवस्थापनाला भेटा, महिन्यातून एक सकाळ येऊन बीपी तपासू म्हणा. शंभर अनोळखी लोकांना जाहिरात दाखवण्यापेक्षा एका माणसाला पटवणं सोपं आहे.

फुकट की पैसे घेऊन, हेही विचाराल. दोन-पाच मिनिटांचं काम फुकट ठेवा, बीपी, इनहेलर एकदा बघणं. अर्ध्या तासाचं काम, सगळ्या औषधांचा आढावा, ते पहिले काही महिने हात बसेपर्यंत फुकट आणि मग नियमात बसत असेल तर थोडे पैसे घ्या, आणि हे पहिल्या दिवसापासून सांगा. कायम फुकट ठेवलं तर गर्दीच्या दिवशी तुम्हीच ते टाळायला लागता, आणि टाळलेला पेशंट परत विचारत नाही.

स्टाफचं राहिलंच. तुम्ही आत हिशोबाला बसलेले असता तेव्हा काउंटरवर जो मुलगा किंवा मुलगी असते, तीच तुमची जाहिरात. तिला वाक्य पाठ करायला देऊ नका, तिचं स्वतःचं बीपी नीट पद्धतीने मोजा, तिच्या आईच्या गोळ्यांची पिशवी मागवा आणि तिच्यासमोर बघा. एकदा तिने स्वतः बघितलं की मग ती लोकांना मनापासून सांगते. काय सांगायचं आणि कुठे थांबून फार्मासिस्टला हाक मारायची, ही रेघ मात्र स्पष्ट आखून द्या.

काउंटरखाली एक साधी वही ठेवा, रोज तीन रकाने: किती जणांना विचारलं, किती हो म्हणाले, किती खरंच आले. आणि आलेल्याला एकच प्रश्न, कोणाकडून कळलं. विचारलेच कमी जणांना असतील तर स्टाफ विसरतोय किंवा लाजतोय. विचारले खूप पण हो कमी, तर वाक्य बदला. हो म्हणाले आणि आले नाहीत, तर वेळ ठरवून दिली नाही किंवा आठवणीचा फोन केला नाही. आणि हे तिन्ही नीट चाललंय, मंगळवारची दुपार भरतेय, तरी तुमच्याकडे अजून वेळ आणि माणूस शिल्लक आहे असं वहीत दिसलं, तर मग फेसबुकवर पैसे घाला, आणि जाहिरातीत तेच वाक्य लिहा ज्याला काउंटरवर सगळ्यात जास्त लोक हो म्हणाले.